काय दिसून राह्यलं?

प्रकाशाला खोटं बोलता येत नाही, असं काकाजी म्हणत. हे वाक्य ते उभं राहून, आवाज खर्जात नेऊन आणि बहुधा उजव्या डोळ्यावर दुपट्टा बांधलेल्या अवस्थेत म्हणत. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या लक्षात राही तो दुपट्टा.

दुपट्ट्याचं कारण सांगायला हवं, नाही तर माणूस वेडा वाटेल. तसे ते थोडे होतेच, पण या कारणासाठी नाही. गोंदियात काकाजींची थेट प्रक्षेपणाची गाडी होती. एक जुना मिनीट्रक, त्यावर बांधलेली पत्र्याची खोली, आत मॉनिटर, बटणांचं टेबल आणि आम्ही. कबड्डी, बैलांचे शंकरपट, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रा, सप्ताह, सत्कार, गावात जे होईल ते आम्ही तिथल्या तिथे केबलवर दाखवायचो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि गाडीत काळोख. उन्हातून आत आलं की थोडा वेळ काही दिसत नाही, आणि थेट प्रक्षेपणात 'थोडा वेळ' नावाची वस्तू नसते. म्हणून मैदानात हिंडताना काकाजी उजवा डोळा बांधून ठेवत. गाडीत शिरले की दुपट्टा गळ्यात आणि तो जपून ठेवलेला डोळा मॉनिटरवर.

"एक डोळा दुनियेसाठी, एक कामासाठी," ते सांगत.

देवरीच्या बसमध्ये एकदा कंडक्टरने त्यांची अवस्था पाहून अपंगांसाठी राखीव असलेली जागा दिली. काकाजींनी ती घेतली. ती सावलीच्या बाजूची होती.

काकाजी म्हणजे कोणाचे सख्खे काका नव्हेत. ते सगळ्यांचेच काकाजी होते, वयाने मोठे असलेल्या केबलवाल्यांचेसुद्धा. मी त्यांच्याकडे पडद्यावर अक्षरं टाकायचे. खेळाडूचं नाव, गुण, पाहुण्यांचं पद. मराठी घेऊन एम.ए. केल्यावर भाषेची सेवा करायची ठरवलं होतं. ती अशी झाली. काकाजी मला 'एमे' म्हणत.

"एमे, त्या साहेबाच्या नावापुढं 'माननीय' लाव."

"ते अजून निवडून आलेले नाहीत, काकाजी."

"म्हणून तं लाव. निवडून आल्यावर कायले लागते?"

पुढाऱ्यांबद्दल त्यांना राग नव्हता, त्यांच्या कपड्यांबद्दल होता. कडक स्टार्च केलेला पांढरा कुर्ता आणि उन्हात रापलेला चेहरा ही जोडी कॅमेऱ्याला झेपत नाही. कुर्ता नीट दाखवावा तर चेहरा कोळसा होतो आणि चेहरा दाखवावा तर कुर्ता पेटतो. यावर काकाजींनी जो उपाय काढला तो माझ्या मते आपल्या सार्वजनिक जीवनाचा फार खोल अभ्यास असल्याशिवाय सुचत नाही. त्यांनी बिस्किटाच्या रंगाच्या शालींचा गठ्ठा आणून गाडीत ठेवला. पाहुणे मैदानात पाय ठेवत तोच काकाजी स्वतः पुढे होत, नम्रपणे वाकत आणि शाल पांघरून ती गळ्याभोवती कुर्ता दिसणार नाही इतकी आवळत. वर नारळ. पाहुणे कृतकृत्य, कॅमेरा निर्धास्त. भर उन्हाळ्यातही हा सन्मान चुकत नसे. एका पाहुण्याने उकाड्याने शाल काढून खुर्चीवर ठेवली, तेव्हा काकाजींनी आमच्या माणसाकरवी दुसरी पांघरली. पाहुणे भाषणात म्हणाले की इतका आग्रही सत्कार त्यांचा कुठेच झाला नाही. दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाच्या माणसाचा फोन आला, की त्यांना दोन आणि आम्हाला एकच काऊन?

हे सगळं लोकांना नीट दिसावं म्हणून, असं कोणालाही वाटेल. पण काकाजींच्या लेखी प्रेक्षक एकच होता. गोंदियाला घरी टीव्हीसमोर बसलेल्या काकी.

गाडीतल्या जुन्या मॉनिटरवर काकाजींचा विश्वास नव्हता. पत्र्याच्या फटीतून ऊन आत येई आणि चित्र फिकं पाडी. त्यामुळे प्रत्येक कार्यक्रम सुरू होताना आणि मध्यंतरात ते घरी फोन लावत. फोन स्पीकरवर, म्हणजे आम्हा सगळ्यांनाच ऐकू येई.

"काय दिसून राह्यलं?"

"बाया दिसून राह्यल्या. तोंडं नाई दिसत."

काकाजी कॅमेऱ्याची आयरिस उघडत. आयरिस म्हणजे कॅमेऱ्याची बाहुली. ती मोठी केली की उजेड जास्त आत येतो. कॅमेरे मैदानात असले तरी त्यांच्या बाहुल्या काकाजींच्या हातातल्या बटणांवर होत्या.

"आता?"

"थांबा ना जरासं, आमच्याकडं उशिरा येते." मग थोड्या वेळाने, "हां. आता बरं. त्या डाव्या बाजूच्या पोट्ट्याले सांगा, नाक पुसून घे."

काकींची शिफारस अंतिम असे. नाक पुसण्याचीसुद्धा. काकी कधी गाडीत आल्या नाहीत, पण त्या आमच्या युनिटमध्ये होत्या आणि हुद्द्याने काकाजींच्या वर होत्या. माझ्या अक्षरांवरही त्यांचा शेरा येई. "एमेले सांगा, काना राह्यला." तो खरंच राहिलेला असे.

त्यांच्या घरी मी पुष्कळदा गेले आहे. ते घर दिवसाही संध्याकाळसारखं होतं. काकाजींना घरी आल्यावर डोळ्यांना विसावा लागे, म्हणून खिडक्यांना जाड पडदे आणि खोलीत एकेक मिणमिणता पिवळा दिवा. पाहुण्यांना ठेच लागणं हा त्या घरचा पाहुणचार होता. काकी मात्र त्या अंधुक उजेडात भिंतीला हात लावत, टेबलाच्या कडेवर बोटं फिरवत सरळ चहा घेऊन येत. कधी कप टेबलाच्या अगदी काठावर ठेवत आणि तो पडे. कधी दाराच्या चौकटीला खांदा लागे.

"या माणसानं घराची विहीर करून ठेवली," त्या म्हणत. आणि आम्ही हसायचो. काकाजीही हसत. कारण उघडच होतं, घरात उजेड नव्हता.

मग पुढच्या दोनेक वर्षांत आमच्या प्रक्षेपणाबद्दल तक्रारी वाढल्या. चित्र फार पांढरं येतं, म्हणून. तिरोड्याहून एक केबलवाला म्हणाला, "काकाजी, खेळाडू खेळून राह्यले का पीठ चाळून राह्यले?" आमगावच्या एकाने 'चुना चॅनल' असं नाव ठेवलं. काकाजी ऐकून घेत आणि म्हणत, "लोकांचे टीव्ही खराब आहेत. घरी चांगलं दिसून राह्यलं." मला हा त्यांचा हट्ट वाटे. बायकोच्या शब्दापुढे सगळा जिल्हा खोटा पाडणारा नवरा आपल्याकडे दुर्मीळ असल्याने त्या हट्टाचं थोडं कौतुकही वाटे.

काकी फोनवर आणखी एक गोष्ट सांगू लागल्या होत्या. "मधातलं दिसून राह्यलं. कडेचं काही दिसत नाई." काकाजी मैदानाच्या कडेला असलेल्या झाडांच्या सावलीला दोष देत आणि बाहुली आणखी उघडत.

मग एचडीआर आलं.

ते आलं एका खेळ दाखवणाऱ्या कंपनीकडून. त्या कंपनीला पूर्व विदर्भातली कबड्डी दाखवायची होती आणि ती दोन्ही प्रकारांत एकाच वेळी हवी होती, साधी आणि एचडीआर. आधी एका सामन्याची चाचणी आणि ती जमली तर पुढचा सगळा हंगाम आमच्या गाडीला. कंपनीने एक इंजिनियर, एक मोठा आणि एक साधा असे दोन मॉनिटर आणि एक डबा पाठवला.

एचडीआर म्हणजे काय, हे इंजिनियरने आम्हाला इंग्रजीत समजावलं आणि काकाजींनी नंतर आमच्या ड्रायव्हरला मराठीत. "हे पाय. उजेड असते खंडीभर. आपला टीव्ही पायलीएवढा. खंडीभर धान पायलीत टाकलं तं काय होईन? सांडन. ऊन ठेवलं तं सावली सांडते, सावली ठेवली तं ऊन सांडते. हे नवीन माप मोठं आहे. यात दोन्ही मावते."

अडचण एवढीच की ते मोठं माप लोकांच्या घरी नव्हतं. म्हणून कॅमेऱ्यांनी चित्र घ्यायचं मोठ्या मापात आणि डब्याने त्यातून साध्या टीव्हीपुरतं वेगळं काढून द्यायचं. गाडीत दोन मॉनिटर शेजारी शेजारी, एकावर एचडीआर, दुसऱ्यावर साधं. वाद होता तो बाहुल्या कोणाकडे पाहून उघडायच्या याचा.

इंजिनियर पुण्याकडचा, नम्र आणि ठाम होता. "काका, आपण साध्याकडे बघूनच काम करायचं. सगळे साधंच बघतायत. साधं नीट असलं की एचडीआर आपोआप नीट येतं."

"म्हणजे दारात हत्ती बांधाचा आन् पाहाचं शेळीकडं?"

"दूध शेळीच देणार आहे, काका."

उत्तर चांगलं होतं. काकाजींना ते आवडलंही, पण त्यांची नजर हत्तीवरून हलेना. सरावाच्या दिवशी आम्ही बोदलकसा तलावाच्या काठी कॅमेरे लावले होते. मोठ्या मॉनिटरवर पाण्यावरचं ऊन लकाकत होतं आणि त्याच चित्रात झाडाखाली बसलेल्या मासे विकणाऱ्या बाईच्या लुगड्याचा काठही दिसत होता. काकाजी मॉनिटरला नाक लागेल इतके पुढे वाकले. मग हळूच म्हणाले, "एमे, आतापर्यंत आपण अर्धाच जिल्हा दाखोला."

मला तेवढ्यात माझ्या अक्षरांची पडली होती, कारण साध्या टीव्हीसाठी केलेली माझी पांढरी गुणपट्टी त्या मोठ्या मॉनिटरवर ट्यूबलाइटसारखी पेटली होती आणि खेळाडूंपेक्षा तीच जास्त दिसत होती. इंजिनियरने ती मंद करून दिली. साहित्याच्या विद्यार्थिनीची अक्षरं डोळ्यांना त्रास होईल इतकी तेजस्वी ठरण्याची ती एकमेव वेळ.

चाचणीचा सामना चिचगडला होता. मुलींच्या कबड्डीचा अंतिम सामना, दुपारचा. मैदानाच्या एका अंगाला मोहाची मोठी झाडं, त्यामुळे अर्धं मैदान सावलीत आणि अर्धं रखरखीत उन्हात. चढाई करणारी मुलगी उजेडातून निघे आणि अंधारात शिरे. मधली रेषा नेमकी ऊन-सावलीच्या सीमेवर आली होती. एचडीआरची परीक्षा घ्यायला याहून चांगलं मैदान शोधून सापडलं नसतं आणि आम्ही ते शोधलं नव्हतं. चिचगडचा संघ घरच्या मैदानावर खेळायचा, एवढंच त्याचं कारण.

त्या संघात काकींची भाची होती, भावाची मुलगी. शाळेची काही वर्षं ती काकींकडेच राहिलेली. आखूड केसांची, चिडकी आणि चढाईत फार चपळ. काकी सकाळपासून टीव्हीसमोर बसल्या असणार, हे काकाजींनी न सांगता आम्हाला ठाऊक होतं.

पाहुणे आले. काकाजींनी गठ्ठ्यातून शाल काढली नाही. "आता गरज नाई. नवीन माप आहे," ते म्हणाले आणि मोठ्या मॉनिटरवर खरोखरच पाहुण्यांच्या कुर्त्याची इस्त्रीची घडी आणि चेहऱ्यावरची अप्रसन्नता दोन्ही स्वच्छ दिसत होती. शाल न मिळाल्याने ते नाराज होते.

पहिल्या डावात सगळं इंजिनियरच्या म्हणण्याप्रमाणे झालं. बाहुल्या त्याच्या डोळ्यांखाली, साध्या मॉनिटरकडे पाहून. काकाजी मागे उभे, हत्तीकडे पाहत. भाची दोनदा गुण घेऊन परतली. मध्यंतर झालं आणि काकाजींनी सवयीने फोन लावला.

"काय दिसून राह्यलं?"

"अंधार दिसून राह्यला," काकी म्हणाल्या. "काय लावलं आज तुम्ही? पोरी झाडाखाली खेळून राह्यल्या का?"

काकाजींनी साध्या मॉनिटरकडे पाहिलं. त्यावर दोन्ही संघ बसून पाणी पीत होते. उन्हातल्याही दिसत होत्या, सावलीतल्याही. एकीच्या गुडघ्याला बांधलेली पट्टी दिसत होती.

"भाची दिसली का?"

"आवाज ऐकला. नाव घेऊन राह्यले तं समजलं. दिसली नाई."

"केबलवाल्याकडे प्रॉब्लेम असेल," इंजिनियर म्हणाला. "आपल्याकडून बरोबर जातंय."

हे पटण्यासारखं होतं. काकाजींनी शेजारच्या भैयाजींना फोन लावला. भैयाजींचं किराणा दुकान काकाजींच्या भिंतीला लागून, केबल एकच.

"भैयाजी, मॅच चालू आहे का तुमच्याकडं?"

"हाँ हाँ, चालू है। काकाजी, आज तो कमाल है! एकदम चकाचक। सबके मुँह दिख रहे हैं, नहीं तो रोज चूना।"

इंजिनियरने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. काकाजींनी दुपट्ट्याने कपाळ पुसलं.

"जरा घरी जा आमच्या. आमचा टीव्ही पाहून सांगा. फोन चालूच ठेवा."

चपलांचा आवाज, कडीचा आवाज, "भाभीजी, मैं आया हूँ" असा आवाज. मग भैयाजी म्हणाले, "अरे आपका भी चकाचक है, काकाजी। मेरे से अच्छा है। बस कमरे में थोड़ा अंधेरा है।"

मागून काकींचा आवाज आला. "कुठं चकाचक? याचे डोळे तपासून घ्या म्हणा."

गाडीत कोणी हसलं नाही. हसायला हवं होतं खरं म्हणजे. एरवी त्या वाक्यावर आम्ही दिवसभर हसलो असतो. काकाजी दोन्ही मॉनिटरकडे आळीपाळीने पाहत होते. एकावर खंडीभर उजेड, दुसऱ्यावर पायलीभर, दोन्ही अगदी बरोबर. त्यांच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा विश्वास ठेवता येतील असे मॉनिटर आले होते आणि त्या मॉनिटरांनी पहिलंच जे सांगितलं ते चित्राबद्दल नव्हतं.

"भैयाजी," ते म्हणाले, "पडदे बाजूला सारा. दिवे लावा सगळे."

"लगा दिए।"

"आता दिसते का?" हे काकींना.

"तुम्ही आधी मॅच पाहा," काकी म्हणाल्या. "कायले घाबरून राह्यले? माह्यापायी काम थांबवू नका. तिची चढाई आली का सांगा फक्त. मी आयकतो."

शिट्टी झाली. दुसरा डाव सुरू झाला. काकाजींनी फोन बंद केला नाही. ते इंजिनियरच्या बाजूने वाकले आणि डब्यावरचं बटण त्यांनी धरलं, साध्या चित्राचा उजेड वाढवण्याचं. एचडीआरला त्याने काही होत नव्हतं. ते वेगळं जात होतं. ते बटण फिरवू लागले.

"काका, ओव्हर जातंय."

काकाजी फिरवत राहिले.

"काका, सावलीतलं दिसतंय पण उन्हातलं गेलं सगळं. काका, हा चाचणीचा सामना आहे."

"ठाऊक आहे," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज खर्जातला नव्हता. "आता?" हा प्रश्न फोनला होता.

"थांबा ना. उशिरा येते."

आम्ही थांबलो. साध्या मॉनिटरवरचं उन्हातलं मैदान गेलं, मग रेषा गेल्या, मग पंचांचे शर्ट गेले, मग सावलीतलंही पांढरं पडू लागलं. प्रमुख पाहुणे तर पूर्णपणे नाहीसे झाले. त्यांच्या जागी एक पांढरा प्रकाश आणि त्यात एक काळा चष्मा राहिला. शेजारी मोठ्या मॉनिटरवर तेच मैदान पानापानासह दिसत होतं. गुण सारखे झाले होते आणि भाची चढाईला निघाली.

"हां," फोनमधून काकी म्हणाल्या. "आता दिसली. गुडघ्याले पट्टी बांधली तिनं. बारीक झाली ना?"

"हो," काकाजी म्हणाले. "झाली."

"जेवत नसन बरोबर."

भाची सावलीच्या बाजूला शिरली, एकीला शिवली आणि परतताना रेषेच्या हातभर अलीकडे तिला घोट्याला धरून पाडलं. चिचगडचा संघ तेवढ्या गुणाने हरला. घोटा कोणी धरला हे जिल्ह्यात काकींखेरीज कोणी नीट पाहिलं असेल असं वाटत नाही. फोनमध्ये मागून भैयाजी ओरडत होते, "काकाजी, फिर से चूना!"

कंपनीचं पत्र सभ्य होतं. हंगाम दुसऱ्या गाडीला गेला. एचडीआर चित्र मात्र अप्रतिम होतं, असं इंजिनियरने मुद्दाम फोन करून सांगितलं. ते कोणी कोणी पाहिलं, असं मी विचारलं. तो म्हणाला, चाचणी होती ना, ते बाहेर सोडलंच नव्हतं.

काकींना आधी गोंदियातल्याच डॉक्टरांकडे आणि मग नागपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले काचबिंदू. हा आजार कडेपासून खातो, मधलं शेवटी ठेवतो, म्हणून माणसाला कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली राखायला थेंब. मोतीबिंदू असता तर काढता आला असता, हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच सांगत असावेत, पण काकाजींनी ते मला पुन्हा पुन्हा सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून आहे? काकी म्हणाल्या, घरातच अंधार असते, मले काय समजन.

गोंदियाला आल्यावर काकाजी गाडीत जाऊन बसले. मी उरलेलं सामान न्यायला गेले तेव्हा ते जुनी रेकॉर्डिंगं एकामागून एक लावून पाहत होते. मंडई, कबड्डी, सप्ताह, पुन्हा मंडई. मला काही सांगायची गरज नव्हती. एकेका कार्यक्रमागणिक चित्र पांढरं होत गेलं होतं. इतकं हळूहळू, की रोज पाहणाऱ्याला कळू नये.

"इथून," एका मंडईपाशी थांबवून ते म्हणाले. "इथून सुरू झालं, एमे. लोक सांगून राह्यले होते."

लोक सांगत होते हे खरं होतं. काकाजींनी ते बायकोच्या डोळ्यांवर विश्वास ठेवून ऐकलं नव्हतं, हेही खरं होतं. जगात बहुतेक नवऱ्यांच्या पश्चात्तापाची कारणं याच्या उलट असतात; त्याने त्यांचं दुःख कमी झालं असतं असं नाही, म्हणून मी ते बोलून दाखवलं नाही.

त्यानंतर त्यांनी डोळा बांधणं सोडलं. वर्षभरात गाडी विकली. शाली उरल्या होत्या त्या आम्हाला वाटल्या. माझ्याकडची अजून आहे, बिस्किटाच्या रंगाचं आयुष्य मोठं असतं. मी नागपूरला नोकरीला लागले.

गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले. घर दुरूनच दिसलं. खिडक्यांना पडदे नाहीत आणि भिंतीभिंतीवर पांढरे दिवे. भर दुपारी सगळे चालू. डोळे किलकिले करूनच आत जावं लागलं. काकाजी सोफ्यावर, शेजारी काकी, मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडताना. खरं तर बोटांनी चाचपताना. समोर भिंतभर मोठा एचडीआर टीव्ही. त्यावर कुठल्या तरी शहरातली कबड्डी चालू होती आणि तिच्यातली घामाचा प्रत्येक थेंब वेगळा लकाकत होता.

"काय दिसून राह्यलं?" काकींनी विचारलं.

"उजेडाचे हायलाइट थोडे वर गेले," काकाजी म्हणाले. "पण काळ्यात तपशील चांगला आहे."

"गुण सांगा ना, बापा."

काकाजींनी गुण सांगितले. मग कोण चढाईला निघालं ते सांगितलं, कोणाचे केस कसे आहेत ते सांगितलं, कडेला पंच कुठे उभा आहे तेही. कडेचं ते मुद्दाम सांगत होते. चुकीचंही सांगत होते. पंच डावीकडे होता.

चहा झाल्यावर ते उठले, टीव्हीजवळ उभे राहिले आणि आवाज खर्जात नेऊन मला म्हणाले, "एमे, हे पाय. ऊन आन् सावली दोन्ही. जे आपण आयुष्यभर दाखवू नाई शकलो, ते या घरात आलं."

मी काकींना विचारलं, कसा वाटला टीव्ही?

काकींनी सुपातला एक खडा बोटांनी शोधून बाजूला टाकला.

"आवाज बरा आहे," त्या म्हणाल्या.